सतरा नंबरचा रिमोट

ती पेन कानावर अडकवायची आणि मग घरभर पेन शोधायची.

पावाची कड आधी खायची. मऊ भाग शेवटी, स्वतःला बक्षीस म्हणून.

भांड्यावरचं झाकण उचललं की लगेच खाली ठेवायची नाही. उलटं धरून आतल्या बाजूचे थेंब बघत राहायची. खाली दूध उतू जायचं.

शाळेत सराव पाठ असला की फळा डस्टरने पुसायची नाही. तळहाताने पुसायची. संध्याकाळी कपाळावर आणि बाहीवर खडूचे पट्टे घेऊन घरी यायची.

चप्पल घालताना भिंतीचा आधार घ्यायची नाही.

समोरचा कितीही चुकीचं बोलला तरी ती त्याला "नाही" म्हणायची नाही. "बरं. मग?" म्हणायची. फ्रिजमधलं पाणी जड असतं, म्हणून ते पोटात बसून राहतं, असं खालच्या शिंपीकाकांनी एकदा सांगितलं. तेव्हाही ती "बरं. मग?" म्हणाली. काका बोलत राहिले. गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

हे मी लिहून ठेवते आहे. ती हयात आहे, धडधाकट आहे. फक्त इथे नाही, आणि शिक्षिका नाही.

आम्ही तिला मास्तर म्हणायचो. हे नाव तिच्या आईने ठेवलेलं. लहानपणी ती शेजारच्या मुलांना ओळीत बसवून काहीबाही समजावायची, आणि जेवायला हाक मारली की यायची नाही. मग आई दारातून म्हणायची, या मास्तर, आता आम्हालाही दोन घास शिकवा. नाव चिकटलं ते चिकटलंच.

शिंपीकाकांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. मी साहित्याची पदवी घेऊन एका छापखान्यात मुद्रितं तपासते. ती तेव्हा शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. नोकरी कायम होती. नळाच्या पाण्याचे नमुने यायचे, ती तपासायची, सही करायची. एकदा प्रयोगशाळा बघायला शाळेची सहल आली. एका मुलीने तिला विचारलं, औषध टाकल्यावर पाण्यातले जंतू मरतात की नुसते बेशुद्ध पडतात? मास्तर घरी आली ती हसत. पुढे कित्येक दिवस त्या मुलीचंच बोलत होती. बेशुद्ध पडले असतील तर शुद्धीवर कधी येतील, याचं त्या मुलीला खरंखुरं भय वाटत होतं म्हणे. "ते भय घालवायला मला अर्धा तास लागला," ती म्हणाली. "एवढं चांगलं काम मी गेल्या कित्येक महिन्यांत केलं नाही."

मग तिने नोकरी सोडली आणि शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयात नाव घातलं.

हे तिने आईला फोनवर सांगितलं. आईने विचारलं, लागलेली नोकरी सोडून पुन्हा शाळेत जातेस, पुढे काय? मास्तरकडे उत्तर तयार होतं. महाविद्यालयाची स्वतःची शाळा आहे. दर वर्षी तिथे उत्तीर्ण होणाऱ्यांतून विज्ञानाचा एक शिक्षक घेतात. कायम. ती जागा माझी.

"आणि नाही घेतलं तर?" आईने विचारलं.

"घेतील गं."

त्यानंतर आईने हा विषय काढला नाही. नातेवाइकांना मात्र सांगून ठेवलं की पोरगी अमुक शाळेत लागणार आहे.

विज्ञान अध्यापनाचा तास नव्या हॉलमध्ये व्हायचा. तिथे काळ्या फळ्याच्या जागी मोठा पांढरा बोर्ड आला होता, बोटाने चालणारा. जुन्या फळ्याचे खिळे भिंतीत तसेच होते. दाराजवळ कप्प्यांची एक पेटी असायची. एकेका कप्प्यात एकेक रिमोट. साबणाच्या वडीएवढा, त्याला चार बटणं, अ, ब, क, ड. मागे चिकटपट्टीवर नंबर. पहिल्या दिवशी ज्याला जो मिळाला तो वर्षभर त्याचा. मास्तरला सतरा मिळाला.

हा तास घेणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या. आवाज हळू. सगळ्यांना बाळ म्हणायच्या. वर्गात एक वहिनी होत्या, मुलं मोठी झाल्यावर शिकायला आलेल्या. त्यांनाही बाळच. बोर्डावर मॅडमचा जीव होता. तो आणावा म्हणून त्यांनी प्राचार्यांकडे किती खेटे घातले होते, ते त्या स्वतःच हसत सांगायच्या.

पद्धत अशी होती. बोर्डावर प्रश्न यायचा. सगळ्यांनी आपापलं बटण दाबायचं. बोर्डावर चार खांब उभे राहायचे, कुठल्या उत्तराला किती लोक ते दाखवणारे. बरोबर उत्तर मॅडम सांगायच्याच नाहीत. त्या म्हणायच्या, शेजाऱ्याला पटवा, मग पुन्हा दाबा. हॉलमध्ये बाजार भरल्यासारखा गलका व्हायचा. दुसऱ्यांदा दाबलं की खांब हलायचे. कुठला वाढला, कुठला खचला, हे सगळे श्वास रोखून बघायचे.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं होतं, "इथे खांब दिसतात, माणसं दिसत नाहीत. तेव्हा बिनधास्त चुका."

पहिला प्रश्न बर्फाचा होता. बर्फाचे सारखे दोन तुकडे. एक ताटलीत उघडा, एक ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. आधी कुठला वितळेल? विज्ञानाच्या पदवीधरांच्या त्या वर्गात निम्म्या लोकांनी ब्लँकेटमधला म्हणून दाबलं. ब्लँकेट गरम असतं ना. मग वाद झाले. मग मॅडमनी टेबलाखालून खरंच एक ब्लँकेट काढलं आणि उलगडलं. आत तुकडा जवळजवळ तसाच होता. ताटलीत नुसतं पाणी.

मास्तर त्या दिवशी जिन्यातूनच बोलत वर आली. मी चूक केली, मी पण चूक केली, असं सांगत होती. बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा होता.

काही महिन्यांत वर्ग शहाणा झाला. लोक आधीच वाचून येऊ लागले. कुठल्या प्रश्नात कुठे खोच असते ते त्यांना कळलं. आता पहिल्याच दाबात एक खांब छताला टेकायचा आणि बाकीचे तीन जमिनीवर. पटवायचं कुणाला? मॅडम म्हणायच्या, छान, पुढचा प्रश्न. सगळं बरोबर येत होतं आणि वर्गात काहीच घडत नव्हतं.

याच सुमाराला मॅडमनी मास्तरला साहित्याच्या खोलीत बोलावलं. वर्गात सूक्ष्म पाठ व्हायचे. म्हणजे एकाने दहा मिनिटं शिकवायचं आणि बाकीच्यांनी मुलं व्हायचं. मुलं व्हायचं म्हणजे खोड्या काढायच्या, असं सगळ्यांना वाटायचं. कुणी म्याव करायचं, कुणी पेन्सिल मागायचं. मास्तर एकटी खोडी न काढता चुकायची. मुलांच्या डोक्यात जसं असतं तसं बोलायची. मॅडमनी ते हेरलं होतं.

त्या वायर गुंडाळत होत्या. म्हणाल्या, बाळ, तुला मुलांसारखं चुकता येतं, ते मला वर्गात हवंय. पहिल्यांदा दाबताना बारा वर्षांच्या मुलाला जे वाटेल ते दाब. शेजारच्याशी वाद घाल. खरंच पटेल असं कुणी समजावलं तरच उत्तर बदल. आणि कुणाला कळू देऊ नकोस. नाटक आहे हे कळलं तर कुणी जीव तोडून समजावणार नाही.

मास्तरने एकच प्रश्न विचारला. रिमोटवर नंबर आहे, मग वर्षाच्या शेवटी माझ्या नावावर हे सगळं दिसेल ना?

"अगं, रिपोर्ट मीच काढते ना?" मॅडम म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

हे मला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. कुणाला सांगायचं नाही, त्यात मी येत नव्हते.

मग तिने कामाला हात घातला. चुकायचं म्हणजे वाटेल ते दाबायचं नव्हतं. मुलाची चूक मुलाला बरोबर वाटणारी असते. ती शिंपीकाकांच्या दोन मुलींजवळ पायरीवर बसायची. फरशी पुसल्यावर पाणी कुठं जातं? थोरली म्हणाली, उडतं. धाकटी म्हणाली, फरशी पिते. मग रबरी चपलेवरचं पाणी कोण पितं, असं मास्तरने विचारलं. धाकटीने विचार केला आणि म्हणाली, ते चप्पल घालणारा पितो, पायाने. मास्तर वर आली ती डोळे पुसत. म्हणाली, मला जन्मात एवढं चांगलं चुकता आलं नसतं.

वर्गात पुन्हा जीव आला. एका उंच खांबाशेजारी आता एक बुटका खांब उभा राहायचा. मॅडम त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, कुणालातरी असं वाटतं. कोण ते मला माहीत नाही. त्या एकाला पटवा. अख्खा वर्ग त्या एकाला उद्देशून बोलायचा. त्याचं नावच पडलं, तो एक. आज त्या एकाला काय झालंय, असं लोक तासाआधी विचारायचे. कुणी पैज लावायचं की आज तो एक बरोबर देणार.

तो एक कोण, हे वर्गात फक्त वहिनींना ठाऊक होतं. त्या मास्तरच्या शेजारी बसायच्या, अठरा नंबर. मास्तर काय दाबते ते त्यांना दिसायचं. वहिनींना वाटायचं, हिची पदवी कशीबशी झालेली असणार. पण त्यांनी कधी कुणाजवळ ब्र काढला नाही. उलट वर्ग त्या एकावर हसला की त्या लोकांना दटावायच्या.

एका दिवशी बाहेरच्यांना हॉलमध्ये बसायची परवानगी होती. मी जाऊन मागे बसले. प्रश्न मिठाचा होता. पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवलं, तर वजन वाढेल, कमी होईल की पाण्याएवढंच राहील? बुटका खांब उभा राहिला. पाण्याएवढंच. वहिनी मास्तरकडे वळल्या.

मीठ दिसत नाही म्हणजे ते गेलं, असं मास्तर म्हणत होती.

"गेलं? मग पाणी खारट कुणी केलं, माझ्या सासूने?"

"चव राहिली ना. मीठ गेलं, चव राहिली. चवीला कुठे वजन असतं?"

वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्यांच्याकडे बघत होते. हसू पार गेलं होतं. त्या विचार करत होत्या. आणि मी मास्तरकडे पाहिलं, तर एक क्षण मलाही वाटलं की हिला खरंच माहीत नाही. इतका तो चेहरा सच्चा होता.

वहिनींना त्या दिवशी उत्तर सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून घेऊन आल्या. तास सुरू व्हायच्या आधी काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, मिठाची पुडी ठेवली, आणि मास्तरला म्हणाल्या, तूच टाक. काटा सरकला, आणि मीठ विरघळल्यावरही मागे आला नाही. मास्तर म्हणाली, पटलं. वहिनींचा चेहरा उजळला तो दिवसभर तसाच होता, असं तिने मला सांगितलं. त्या आता शिक्षिका झाल्या, असंही म्हणाली.

मग वरचे अधिकारी बोर्ड बघायला आले. सगळ्या वर्गांना असे बोर्ड द्यायचे की नाही ते ठरायचं होतं. मॅडमनी तास घेतला. बुटका खांब उभा राहिला. त्याच्यावर बोट ठेवून मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या, पदवीधरांच्या वर्गात वर्षाच्या शेवटीसुद्धा ही समजूत जिवंत आहे, बोर्ड नसता तर ती आपल्याला कधी दिसली नसती. मग चर्चा झाली, दुसरा दाब झाला, बुटका खांब नाहीसा झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ती समजूत म्हणजे मी," मास्तर घरी येऊन म्हणाली. हसली. मग म्हणाली, मॅडमनी असं सांगायला नको होतं. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, पण पाहुण्यांसमोर दुसरं काय सांगणार.

बोर्ड मंजूर झाले. मॅडम एका परिषदेत निबंध वाचून आल्या. निबंधात तोच बुटका खांब होता. आणि इतर महाविद्यालयांसाठी प्रश्नांचा एक संच करायचं काम मॅडमकडे आलं. प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर आणि तीन चुकीची. चुकीची अशी हवीत की मुलाला ती मनापासून पटावीत. मॅडमनी ते काम मास्तरला दिलं. माझ्याकडे छापखान्याचा संगणक असायचा. ती त्याच्यावर बसायची, आणि बरोबर उत्तर आधी लिहून टाकायची, म्हणजे त्याची कटकट मिटली. मग चुकीच्यांसाठी पायरीवर जायची.

वर्ष संपत आलं. शाळेतल्या जागेसाठी बैठक झाली. सराव पाठांचे गुण बघितले. त्यात मास्तर वर होती. मग प्राचार्य म्हणाले, एवढा बोर्ड आणलाय तर त्याचा रिपोर्टही बघू. मॅडमनी रिपोर्ट काढून दिला. नंबरवार.

सतरा नंबर वर्षातला बहुतेक काळ पहिल्या दाबात चुकत होता. अठरा नंबर कधी चुकत नव्हता, आणि त्याच्या शेजारचा नंबर जवळजवळ प्रत्येक चर्चेनंतर उत्तर बदलत होता. ज्याच्या शेजारी बसून माणूस बदलतो, तोच शिक्षक. प्राचार्यांचा हा हिशोब चुकीचा नव्हता.

त्यांनी मास्तरला बोलावून घेतलं. ते सभ्य गृहस्थ. तुमचे पाठ सुंदर आहेत, असं म्हणाले. पण शिकवणाऱ्याच्याच मनात मीठ नाहीसं होत असेल, तर मुलांचं काय होईल? पदवी सगळ्यांकडेच असते. पदवीच्या आत काय आहे ते कळावं म्हणून तर हा बोर्ड आणला.

मॅडम तिथेच खुर्चीवर होत्या. मास्तरने त्यांच्याकडे बघितलं. त्या कागद जुळवत होत्या. मास्तरला वाटलं, माझ्यासमोर बोलणं बरं दिसत नसेल. मी गेल्यावर सांगतील. ती "बरं सर" म्हणून बाहेर आली.

नंतर ती साहित्याच्या खोलीत गेली. मॅडम म्हणाल्या, मी बोलते, बाळ. घाई करू नकोस.

ती थांबली. रोज संध्याकाळी मी विचारायचे, बोलल्या का? ती म्हणायची, आज त्यांना वेळ नव्हता. आज त्यांची मीटिंग होती. आज सर नव्हते. एका संध्याकाळी मी विचारलं नाही. सूचना फलकावर वहिनींचं नाव लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. ती आत गेली, मी बाहेरच्या बाकावर बसले. प्राचार्यांच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. तिने सगळं सांगितलं. साहित्याची खोली, बारा वर्षांचं मूल, कुणाला कळू द्यायचं नाही. शांतपणे सांगितलं. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि मॅडमना बोलावलं. मॅडम माझ्यासमोरून आत गेल्या. माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, यांचं म्हणणं आहे की चुकीची उत्तरं यांनी तुमच्या सांगण्यावरून दिली."

मॅडम म्हणाल्या, "मी सगळ्यांनाच सांगते सर, मुलांसारखा विचार करा."

"ते ठीक. चुकीचं बटण दाबा, असं यांना सांगितलं होतं का?"

पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता.

"कुणी कुठलं बटण दाबायचं हे मी कसं सांगेन, सर? मग त्या निबंधाला काय अर्थ राहिला?"

"मॅडम," मास्तर म्हणाली.

मग ती प्राचार्यांना म्हणाली, मला आत्ता विचारा. कुठलाही प्रश्न विचारा, सर.

"आत्ता तुम्हाला येणारच," प्राचार्य म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर माया होती. "वर्षभर शिकवलंय ना आम्ही."

ती बाहेर आली. मागून मॅडम आल्या. त्यांनी मास्तरच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तुला कळतंय ना, बाळ?" उत्तराची वाट न बघता त्या हॉलकडे गेल्या. तास होता त्यांचा.

मला कळलं नाही. अजून कळत नाही. मॅडम वाईट आहेत असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी सांगितल्याशिवाय तिने एकही बटण मुद्दाम चुकीचं दाबलं नसतं, आणि त्यांनी तिला तोंडघशी पाडलं. तेही तिला बाळ म्हणत, आणि ते बाळ म्हणणं खोटं नव्हतं. मी आत जाऊन प्राचार्यांना सांगितलं की मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यांनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, हिने. ते नुसते मान हलवत राहिले.

बातमी वर्गात पोचायला वेळ लागला नाही. लोक म्हणाले, म्हणजे वर्षभर ही आम्हाला खेळवत होती. काही म्हणाले, आता हुकलं म्हणून गोष्ट रचतेय. दोन्ही बोलणारी माणसं कालपर्यंत तिच्या डब्यातलं खात होती.

वहिनी फाटकापाशी भेटल्या. त्यांच्या हातात शाळेत रुजू व्हायचं पत्र होतं. त्यांनी विचारलं, खरं आहे का? मास्तर म्हणाली, हो.

"तुला मिठाचं माहीत होतं?"

"हो, वहिनी."

"मी घरून काटा आणला होता."

मास्तर म्हणाली, तुमच्यासारखं मला कुणी समजावलं नाही, त्यातलं काहीच खोटं नव्हतं. तुम्ही त्या काट्यामुळेच...

"आता मला शिकवू नकोस," वहिनी म्हणाल्या. "घरी ह्यांना सांगायचे मी, शेजारी एक गरीब पोर बसते, तिला सांभाळून घ्यावं लागतं. कुणाला कळू दिलं नाही मी तुझं." त्या थांबल्या. "मग मी वर्षभर शिकवलं कुणाला?"

वहिनी गेल्या. त्या शाळेत रुजू झाल्या. चांगलं शिकवतात असं ऐकते. ती जागा त्यांनी का घेतली, असं मी त्यांना विचारू शकत नाही. त्यांनी ती मिळवली होती. फक्त ज्या मुलाला शिकवून मिळवली, ते मूल नव्हतं.

आईला फोन करायला मास्तरने दोन-तीनदा नंबर लावला आणि कापला. शेवटी सांगितलं. आईने विचारलं, काय चुकलं तुझं? ती म्हणाली, सगळंच चुकलं, तेच तर काम होतं. आईला काही कळलं नाही. तिला वाटलं, पोरगी अभ्यासात कमी पडली आणि लपवते आहे. तिने समजूत काढली. होतं असं एखाद्या वेळी, म्हणाली. मास्तरने ऐकून घेतलं. आईच्या डोक्यातून ते काढायला किती वेळ लागेल, याचा ती विचार करत असावी. मग तो विचारही तिने सोडला.

मी म्हटलं, दुसऱ्या शाळा आहेत, अर्ज कर. तिने केला नाही. म्हणाली, वर्गापुढे उभी राहिले आणि एखादं मूल चुकलं, तर मला आता वाटेल की याला कुणी सांगितलंय का. तसं वाटणाऱ्या माणसाने शिकवू नये.

जुनी नोकरी भरली गेली होती. दुसऱ्या गावात पाणी बाटल्यांत भरण्याचा कारखाना आहे. तिथल्या प्रयोगशाळेत तिला घेतलं. शिंपीकाकांनी तिची बॅग जिन्यावरून खाली आणली. त्यांच्या मुलींनी विचारलं, कधी येणार? ती म्हणाली, बघू. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

ती फोनवर बोलते. पाणी कसं आहे ते सांगते. मी छापखान्याचं सांगते. महाविद्यालयाचं कुणी काढत नाही.

गेल्या आठवड्यात मॅडमचा मला फोन आला. आवाज तसाच हळू. आधी माझी चौकशी केली. मग म्हणाल्या, ती फोन उचलत नाही, बाळ. प्रश्नसंच तुझ्या संगणकावर आहे ना? कुठवर आलाय तेवढं बघतेस का? छापायला द्यायची वेळ झाली. बाकी सगळं मी करते, पण ती चुकीची उत्तरं कुणाला जमत नाहीत. चार जणांना सांगून पाहिलं. लिहितात, पण वाचल्यावर लगेच कळतं की हे मोठ्या माणसाने लिहिलंय.

मी बघते म्हटलं आणि फाइल उघडली.

पाणी पूर्ण आहे. उष्णता पूर्ण आहे. ध्वनी पूर्ण आहे. प्रकाशाचा भाग सुरू झालाय. पहिल्या काही प्रश्नांना चारही उत्तरं आहेत. मग एक प्रश्न येतो. खोलीत पूर्ण अंधार केला, बाहेरून कणभरही उजेड येत नाही. थोडा वेळ बसून राहिलं, तर समोरचा पांढरा कप दिसू लागेल का?

ड समोर बरोबर उत्तर लिहिलेलं आहे. नाही, कितीही वेळ बसलं तरी दिसणार नाही.

अ समोर तिने लिहायला घेतलं होतं. हो, कारण हळूहळू डोळ्यांना

तिथून पुढे कोरं आहे. ब आणि क कोरे आहेत. त्याखालच्या सगळ्या प्रश्नांना फक्त ड आहे.